मागील बाकी

मामांच्या दुकानाची वाटणी झाली आणि भांडण झालं नाही, याचं जळगावातल्या बऱ्याच नातेवाइकांना वाईट वाटलं. काही जण तर मध्यस्थी करायच्या तयारीनेच आले होते. पीव्हीसी पाईप, ठिबकच्या नळ्या, पाणबुडी मोटारी आणि त्यांचे सुटे भाग विकणारं दुकान. थोरल्या नानाने जळगावचं चालू ठेवायचं आणि धाकट्या भाऊने धुळ्याला पारोळा रोडवर नवं काढायचं, असं भरीत-पुरीच्या एका जेवणात ठरलं. माल वाटला, गोदाम वाटलं, मोठा वजनकाटा नानाकडे राहिला म्हणून टेम्पो भाऊकडे गेला. मग मामा म्हणाले, "आता उधारी."

उधारी संगणकात होती. बी.कॉम. झालेल्या एका मुलाने नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला प्रोग्राम, काळा पडदा, कळ दाबली की टुक असा आवाज. फॉक्सप्रोचा सांभाळ तिच्या कंपनीने २०१५ साली थांबवला, पण ती बातमी मामांच्या दुकानात पोचली नव्हती आणि पोचली असती तरी फरक पडला नसता. खानदेशात दिवसाचे आठ-आठ तास वीज जायची त्या काळात टिकलेलं यंत्र ते. त्याला कंपनी कशाला लागते?

इतक्या वर्षांचा हिशेब केवढा असेल? सगळी खाती, सगळ्या पावत्या मिळून भाऊच्या लग्नाच्या फोटोंच्या दहाव्या हिश्शाएवढीही जागा भरत नव्हती. पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा, एसटीत बसायचं, एरंडोल, पारोळा करत अडीच तासांत धुळं. सरकारने या रस्त्याचा नंबर सहाचा त्रेपन्न केला त्याला बरीच वर्षं झाली. लोक अजून सहा नंबरच्या हायवेनेच जातात आणि तरी वेळेवर पोचतात. नाव बदललं तरी माल पोचतो, एवढा विश्वास या रस्त्याने आमच्यात निर्माण केला होता. त्यामुळे उधारी हलवणं हे वजनकाट्यापेक्षा सोपं काम आहे, असं सर्वांचं मत पडलं.

अडलं ते पारोळ्यावर. गिऱ्हाइकं तालुक्यांप्रमाणे वाटायची होती. एरंडोल, चोपडा, यावल जळगावकडे. शिरपूर, शिंदखेडा, साक्री धुळ्याकडे. यात वाद नव्हता. पारोळा मात्र जिल्ह्याने जळगावात आणि रस्त्याने धुळ्याला जवळ. भाऊ म्हणाला, पारोळ्याचा माणूस पाईप न्यायला जळगावपर्यंत कशाला येईल? नाना म्हणाला, इतकी वर्षं येतोय ना! मामांनी दोघांचं ऐकलं आणि निकाल दिला, "इंग्रजांनी केलं तेच चालू द्या."

निकाल वाटतो तितका गमतीचा नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळ्याला ठाणं केलं आणि सगळ्या खानदेशाचा कारभार तिथून चालला. १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांचं दप्तर एका कचेरीत होतं आणि त्यातलं अर्धं दुसऱ्या गावी न्यायचं होतं. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत रेल्वे येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, तेव्हा वाहतुकीचा प्रश्न फार अवघड नसावा. अवघड असणार तो कारकुनांचा प्रश्न. तालुक्याचे कागद तालुक्याबरोबर गेले, ठीक. पण जे कागद दोन्हीकडचे होते त्यांचं काय? औट्रम साहेबाने भिल्लांची पलटण उभी केली ती धरणगावला, पण तिचा धाक आणि हिशेब अख्ख्या खानदेशाचा. धरणगाव पूर्वेला गेलं. एखादा कारकून तो गठ्ठा हातात धरून दोन ढिगांच्या मध्ये उभा राहिलेला मला दिसतो. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला तेव्हा धुळ्याने हा खेळ पुन्हा एकदा खेळला. वाटण्यांच्या बाबतीत धुळ्याचा अनुभव आमच्या घरापेक्षा दांडगा आहे.

तर पारोळा नानाकडे राहिला आणि बाकीची निम्मी उधारी धुळ्याला गेली. संध्याकाळी मामांनी फोन लावला, "बठ्ठं उनं का रे भो?"

पलीकडून भाऊ म्हणाला, "उनं. पण वाचता येत नाही."

माझा या प्रकरणात प्रवेश होतो तो इथे. मी कॉलेजात मराठी शिकवत असे. संगणकातली मराठी बिघडली म्हणजे मराठीच्या माणसाला बोलवा, असा मामांचा सरळ हिशेब. नळ गळला तर ते पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला बोलावणार नाहीत, पण भाषेच्या बाबतीत लोकांची श्रद्धा मोठी असते. मी गेलो, पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा वाटलं की भाऊने परदेशात धंदा सुरू केला आहे. गिऱ्हाइकांच्या नावांच्या जागी येन, पौंड, युरो, सेंट यांच्या रांगा लागल्या होत्या.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आलेल्या संगणकवाल्या मुलाने मला त्याचं कारण समजावलं आणि ते इतकं सुंदर होतं की मी काही वेळ दुरुस्ती करूच दिली नाही. जुन्या प्रोग्रामात मराठी म्हणून जे दिसायचं ते पोटातून रोमनच होतं. फाँट तेवढा मराठी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तुकाराम उघडला तरी इंग्रजी शिव्यांसारखं काहीतरी दिसायचं. म्हणून त्या मुलाने आधी सगळी नावं युनिकोडमध्ये आणली. तिथवर बरोबर. युनिकोडची मराठी साठवण्याची जी रूढ पद्धत आहे तीत आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा, तीन आकड्यांत ठेवतात. पहिला आकडा सगळ्यांना एकच. दुसरा फक्त दोन प्रकारचा. स्वर, व्यंजनं, अनुस्वार, काना, पहिली वेलांटी यांना एक. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडायची खूण यांना दुसरा. धुळ्याच्या नव्या यंत्राने हे आकडे वाचायला युरोपी अक्षरांचा जुना तक्ता घेतला. त्या तक्त्यात पहिल्या आकड्यापुढे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आहे. दुसऱ्याच्या एका प्रकारापुढे कुठल्याच देशाचं नसलेलं, नुसतं 'इथे चलन' असं सांगणारं चिन्ह आहे आणि दुसऱ्या प्रकारापुढे जपानी येन.

याचा परिणाम पाहा. 'जळगाव' या शब्दात व्यंजनं आणि एक काना. म्हणजे येन शून्य. 'एरंडोल'मध्ये ओकार आहे, एक येन. 'पारोळा', एक येन. 'धुळे' म्हणजे उकार आणि मात्रा, रोख दोन येन. एसटीने जळगावहून निघावं तर भाव वाढतच जातो. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मामा दुखावले. "सराफ बाजार आमच्याकडे आणि पैसा धुळ्याला?" त्यांची समजूत काढायला मी पुढचा हिशेब सांगितला. तिसऱ्या आकड्याचीही गंमत आहे. ढ आला की सेंट पडतो, ण आला की पौंड, आणि दुसऱ्या वेलांटीला तर येन आणि युरो जोडीने मिळतात. त्या न्यायाने चाळीसगाव श्रीमंत ठरतं आणि बहिणाबाई या नावात एक पौंड आहे. साऱ्या जगाचं चलन मराठीत दडलेलं निघालं, रुपया तेवढा नाही. रुपयाचं चिन्ह ठरलं २०१० साली आणि तो तक्ता कितीतरी आधीचा, तेव्हा त्याला दोष देता येत नाही.

काही हरवलेलं नव्हतं. आकडे जसेच्या तसे धुळ्याला पोचले होते, चुकीच्या तक्त्यातून वाचले गेले एवढंच. मुलाने एका जागी एक शब्द बदलला आणि येनांच्या रांगांतून पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे बाहेर आले. बहुतेक पाटीलच आले. पाटील शोधा म्हटल्यावर संगणकाने निम्मं गिऱ्हाईक उभं केलं आणि त्यात एका गावचे, एका नावाचे, एका बापाच्या नावाचेही दोघे निघाले. जुन्या प्रोग्रामात मामांनी त्यांच्यात फरक केला होता तो पत्त्याच्या रकान्यात. एकापुढे 'केळीवाले', दुसऱ्यापुढे 'मोठ्या मुलासमोर मागू नये'.

हा पत्त्याचा रकाना हे मामांचं खरं साहित्य. पोळ्यानंतर देतो म्हणाले. बोअरला पाणी लागलं नाही, थांबावे. जावई पोलिसात. नव्या प्रोग्रामात पत्त्याला चार रकाने होते आणि शेवटचा पिनकोड, त्यात सहा आकडेच बसतात. धुळ्याची गिऱ्हाइकं त्यात सहज बसली. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबरच आहेत, एखाद्या संगणकवाल्याने शहर वसवावं तसे. पण खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा पत्ता म्हणजे मारुतीच्या पाराकडे तोंड केलं की डावीकडे. त्याच्या पिनकोडच्या रकान्यात 'पोळ्या' एवढंच आलं आणि पुढचं तुटलं.

सगळ्यात मोठा घोटाळा तारखांचा झाला. जुन्या नोंदींत काही पावत्यांना तारीखच नव्हती. दुकानात गर्दी असली की मामा तारीख टाकायचे राहून जात आणि जुना प्रोग्राम समजूतदार, तो रिकामं रिकामंच ठेवी. संगणकाच्या जगात मात्र काही ठिकाणी दिवस मोजायला सुरुवात करायचा शून्य दिवस ठरलेला असतो. काही ठिकाणी तो ३० डिसेंबर १८९९ आहे. रिकाम्या जागेचं शून्य झालं, शून्याची तारीख झाली, आणि आमच्या मामांनी शिंदखेडा तालुक्यातल्या कित्येक शेतकऱ्यांना १८९९ सालच्या डिसेंबरात पीव्हीसी पाईप उधार दिल्याचं सिद्ध झालं.

साल असं निवडलं की हसू यावं की नाही कळेना. १८९९-१९०० म्हणजे छप्पन्नचा दुष्काळ. संवत १९५६, म्हणून छप्पन्न. गुजरात, राजस्थान, खानदेश होरपळून निघाले त्यात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात त्याचं नाव परवा-परवापर्यंत यायचं. खानदेशाला पाईपची खरी गरज कधी होती, हे संगणकाला न सांगता कळलं होतं. नवा प्रोग्राम हुशार असल्यामुळे त्याने सव्वाशे वर्षांचं उशिराचं व्याजही लावून ठेवलं होतं. आकडा रकान्यात मावत नव्हता म्हणून तिथे नुसत्या फुल्या दिसत होत्या.

मामा म्हणाले, "एवढं सगळं न्यायलाच कशाला पाहिजे होतं?"

हा प्रश्न मुलाला कळला नाही. त्याच्या धंद्यात 'सगळं आलं पाहिजे' हा पहिला नियम. मला कळला, कारण मी मामांच्या वडिलांचं दाणा बाजारातलं दुकान पाहिलं आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या यायच्या, लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबोडक्या. पहिल्या पानावर श्री, हळदी-कुंकू, शुभ-लाभ. पाडव्याला मुनीमजी जुनी खतावणी उजव्या मांडीशी आणि नवी पुढ्यात घेऊन बसायचे आणि एकेका खात्याची फक्त शेवटची ओळ नव्या वहीत उतरवायचे. मागील बाकी, इतके रुपये. बस. वर्षभरात काय घेतलं, कितीदा दिलं, कुठल्या महिन्यात कुरकुर झाली, काही नाही. ज्याचं खातं फिटलं त्याचं नावही पुढे जात नसे. तो आला की नवं पान. मग जुनी वही फडक्यात बांधून माळ्यावर. दरवर्षी, एका दुपारीत, शहरातल्या शेकडो दुकानांनी आपला सगळा हिशेब एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलेला असायचा आणि संध्याकाळी लोक फराळाला मोकळे.

या रीतीत एक शहाणपण आहे जे पेन ड्राइव्हला साधत नाही. वहीतून वहीत लिहायला हात दुखतो, म्हणून माणूस विचार करतो की नेण्यासारखं काय आहे. यंत्राचा हात दुखत नाही. त्यामुळे ते मेलेल्या माणसांच्या फिटलेल्या बाक्या, रद्द झालेल्या पावत्या, कुणीतरी कीबोर्ड पुसताना उमटलेली नोंद, सगळं इमानाने घेऊन जातं.

आता याच धुळ्यात मामांचं हे म्हणणं ऐकून ज्यांनी काठी उगारली असती असे एक गृहस्थ होऊन गेले, हेही सांगायला हवं. इतिहासाचार्य राजवाडे. माळ्यावर बांधून टाकलेली ती जुनी दप्तरं, ज्यांची बाकी केव्हाच पुढे गेली किंवा बुडाली, तीच या माणसाने घरोघर फिरून, यजमानांची मनधरणी करून, प्रसंगी शिव्या देऊन गोळा केली. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली, बावीस भरले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं, तिथल्यांशी बिनसलं, शेवटी धुळ्याला राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. त्यांच्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कुणी कुणाला किती तांदूळ दिले, घोड्याच्या दाण्याला काय पडलं, असल्या फिटलेल्या हिशेबांतूनच राजवाड्यांना काळ दिसायचा. मुनीमजींनी जे पुढे नेलं नाही, ते यांना हवं होतं. दुकानदाराला बाकी पुरते, इतिहासकाराला नाही. मामांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की राजवाड्यांना उधारी वसूल करायची नव्हती.

नक्कल करण्याच्या कामात धुळ्याचा हात तसा जुना. शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घालून रामदासी मठांतली बाडं जमवली, ती इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा पोथ्यांच्या शेवटी उतरवणाराची एक ठरावीक विनवणी असे. समोर जसं होतं तसं मी लिहिलं आहे, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. आणि ही पोथी तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. नव्या प्रोग्रामने 'मान्य आहे' दाबायला लावण्यापूर्वी चार पानं मजकूर दाखवला, त्याचाही अर्थ हाच होता. पोथीवाल्याला दोन ओळी पुरल्या.

मग खरं-खोटं करायचं कसं? आलेलं सगळं बरोबर आलं, हे कसं कळणार? मुलाने दोन्हीकडच्या नोंदींची संख्या ताडून पाहिली, ती जुळली. एकूण बेरीज जुळली. मामांचं समाधान झालं नाही. बेरीज जुळली म्हणजे केळीवाल्याचे पैसे मोठ्या मुलाच्या बापाच्या नावावर गेले नाहीत असं थोडंच सिद्ध होतं! त्यांनी जो उपाय काढला तो सरकारलाही शेवटी काढावा लागला होता. सातबारे हाताने लिहिलेल्या वहीतून संगणकात गेले तेव्हा कुणाच्या क्षेत्रातला एक गुंठा कमी झाला, कुणाचं आडनाव बदललं, कुणाची विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली. त्यावर २०१७ साली गावोगाव चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्याने सातबारा मोठ्याने वाचायचा, गावाने ऐकायचं आणि चुकलं तिथे ओरडायचं. पुढे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला. त्याच्या पोटात कुठेतरी पारावर बसून 'नाही नाही, तो गट माझा' म्हणणारे हे लोक आहेत, हे घरबसल्या विसरायला होतं. चूक निघालीच तर जमीन महसूल कायद्याचं कलम १५५ आहे, लेखनातल्या प्रमादासाठी. तलाठी कचेरीत फेऱ्या मारलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला कलमाचा हा नंबर पिनकोडपेक्षा पाठ असतो.

तर मामांच्या दुकानात चावडी वाचन झालं. नाना जुन्या यंत्रासमोर, भाऊ नव्यासमोर, मध्ये खुर्चीत मामा. नाना नाव आणि रक्कम वाची, भाऊ हुंकार देई, मामा डोळे मिटून ऐकत. मजा अशी की चूक मामांना आधी कळे. नानाने अर्धं नाव उच्चारलं की ते म्हणत, "याचे इतके नाहीत. याने कापसाच्या पट्टीतून दिले होते." पाहावं तर जुन्या संगणकातच चूक, तिथून ती बिनबोभाट नव्यात आलेली. दोन यंत्रांचं एकमत आणि दोन्ही चूक, असं बरेचदा निघालं. खरी वही खुर्चीत बसली होती.

त्या वाचनात माझं लक्ष सारखं दुसरीकडे जात होतं. खुर्चीतल्या वहीतून यंत्रात उतरवायचं राहिलेलं किती असेल, आणि ते कोण उतरवणार? खानदेशात हे काम दोनदा झालेलं आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. बोलणारा थांबणार नाही, मागे जाऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. 'गीता प्रवचने' आज कितीतरी भाषांत वाचतात ती या एका हाताच्या वेगामुळे. आणि इकडे जळगावात बहिणाबाई. असोद्याची लेक, लिहिता-वाचता येत नसलेली. जात्यावर, शेतात कामाच्या ओघात गाणं तयार व्हायचं आणि मनातच राहायचं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जेव्हा जमेल तेव्हा ऐकून वहीत उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. मराठीत त्या पुस्तकाचं काय झालं हे सांगायची गरज नाही. मला खटकते ती पुस्तकाची जाडी. एवढ्या आयुष्यात इतकीच गाणी झाली असतील हे कुणाला खरं वाटेल? उतरवणारा शेतात नव्हता त्या दिवसांची गाणी कुठे गेली? इथे मुनीमजींचा नियम लागू करायला माझी जीभ उचलत नाही.

मामांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "माझी गाणी नाहीत, पाईपची उधारी आहे," आणि पुढचं नाव वाचायला सांगितलं.

वाचन संपल्यावर मुलाने सांगितलं की आता जुना संगणक बंद केला तरी चालेल. त्यावर दुकानात जी शांतता पसरली तिच्यावरून मला कळलं की ते होणार नाही. संगणकाच्या बाबतीत हलवणं असं खरं म्हणजे काही नसतंच. नक्कल होते आणि मग मूळ पुसायचं धैर्य लागतं. वजनकाटा हलवला की जुनी जागा रिकामी दिसते, उधारी हलवली तर ती दोन्हीकडे असते. मुलाच्या भाषेत काही दिवस दोन्ही समांतर चालवायचे असतात. ते काही दिवस आमच्याकडे अजून चालू आहेत. नाना नव्या यंत्रावर बिल करतो आणि रात्री कुलूप लावण्यापूर्वी जुन्यावरही टाकतो. विचारलं तर म्हणतो, सवय आहे. भाऊने त्याच्यावर ताण केली. त्याने धुळ्यातल्या दुकानाच्या पूजेच्या दिवशी लाल वही आणली, पहिल्या पानावर श्री काढलं आणि चावडी वाचनात ठरलेल्या बाक्या एकेका ओळीत हाताने उतरवून ठेवल्या. संगणक बंद पडला तर असावी म्हणून. ज्या घरात वहीचा चाहता उरला नव्हता तिथे ती पुन्हा अशी मागच्या दाराने आली. मामा काही बोलले नाहीत, पण धुळ्याला गेले की आधी ती वही मागतात.

१८९९ च्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. बहुतेकांच्या तारखा मामांनी पीक-पाण्याच्या आठवणींवरून लावल्या. हा पाऊस लांबला त्या वर्षी, तो मुलीच्या लग्नाआधी. एक खातं मात्र कशातच बसेना, मामांनाही आठवेना. तारीख तशीच राहिली. आणि तापीकाठच्या गावचे ते आबा एके दिवशी धुळ्याच्या दुकानात आपणहून आले, मोटार भरून घ्यायला. भाऊने नवं यंत्र उघडलं, नाव घातलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवून हसत हसत सांगितलं, "आबा, तुमच्याकडे १८९९ सालची बाकी निघतेय बघा. व्याजासकट."

आबांनी चष्मा वर केला, फुल्याफुल्यांनी भरलेला रकाना नीट पाहिला, भाऊच्या पोराने आणून दिलेला चहा बशीत ओतला.

"असंल," ते म्हणाले. "संगणक काय खोटं बोलतो का? पण मग पाईपचा भाव बी त्याच सालचा लाव."